आजीचा अंगठा आणि पाटलाचा नांगर

तर मंडळी, झालं असं की त्या शुक्रवारी रात्री रिलीज होतं. रिलीज म्हटल्यावर जे व्हायचं ते सगळं झालं नि पहाटे साडेचारला हापिसातून सुटलो. एरवी शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीतून जो निघतो तो थेट शिवडीच्या घरी. ह्यावेळी ते हुकलं. शनिवारी दुपारी डोळे चोळत उठलो तर रूममेट तयार होऊन बसलेला. हा प्राणी दिवसा जावामध्ये कोड लिहितो आणि संध्याकाळी मोडी वाचायला शिकतो. म्हणाला, "चल, नाहीतरी लोळतच पडणार आहेस. भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन येऊ."

खरं सांगतो, मला वाटलं तलवारी बघायला मिळतील.

सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिराच्या जवळ हे मंडळ आहे. ७ जुलै १९१० रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे ह्यांनी ते काढलं. राज्य इंग्रजांचं, म्हणजे सरकारकडून कसली अपेक्षा नाही. सभासदांची वर्गणी, लोकांच्या देणग्या आणि फुकट राबणारी विद्वान माणसं, एवढ्या भांडवलावर गाडी सुरू झाली. आज तिथे १५ लाखांहून जास्त ऐतिहासिक कागद आहेत, शिवाय हजारो पोथ्या, नाणी, ताम्रपट, चित्रं. ग. ह. खरे ह्यांच्यासारख्या माणसाने आयुष्याची कित्येक दशकं त्या कपाटांमध्ये काढली. आपण तीन वर्षांत दोन कंपन्या बदलतो, त्यामुळे हे ऐकून जरा वरमायला झालं.

म्युझियम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळा घोड्याचा घुमट येतो. इथे तसं काही नाही. ह्या जागेचा खरा जीव कागदात आहे. कागद म्हणजे रुमालात बांधलेली दप्तरं. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, कागदांचा गठ्ठा बांधायचं चौकोनी फडकं.

रूममेटला एका कागदातली दोन अक्षरं अडली होती, ती विचारायला तो एका काकांकडे गेला. काका बँकेतून निवृत्त झालेले, मंडळाचे जुने सभासद. मी उगाच शेजारी उभा. काकांनी चष्म्यावरून बघितलं.

"तुम्ही पण मोडीवाले का?"

"नाही हो काका, मी नुसता आलोय. तलवारी वगैरे..."

"तलवारी बघायला केळकर म्युझियमला जा. इथे भांडणं आहेत, भांडणं!" असं म्हणून ते मनापासून हसले.

आणि ते खरंच होतं. आपल्याला वाटतं जुने कागद म्हणजे शिवाजी महाराजांची पत्रं नि पेशव्यांचे खलिते. तीही आहेतच. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या नावाने २२ खंड काढले, त्यातला पहिला १८९८ साली आला तो पानिपतच्या आधीच्या दशकातल्या पत्रांचा. पण घराघरांतून जे कागद बाहेर पडले त्यात ढीगभर असतात ती वतनाची भांडणं, जमिनीचे हिशेब, कोणी कोणाचं किती देणं लागतो ह्याची कटकट. हे सगळं जपलं गेलं त्याचं कारण इतिहासाचं प्रेम वगैरे अजिबात नव्हतं. उद्या भाऊबंदांनी दावा लावला तर पुरावा हवा, म्हणून लोकांनी कागद पोटमाळ्यावर टाकून ठेवले. पुढे राज्य बदललं, कागदांचा उपयोग संपला. मग कुणी ते वाण्याला पुड्या बांधायला दिले, कुणी बंबात घातले, कुणाकडे वाळवीने खाल्ले. राजवाडे गावोगाव वणवण करत होते ती हे सगळं व्हायच्या आत पोचण्यासाठी. काही ठिकाणी पोचले, काही ठिकाणी उशीर झाला.

काकांनी मग वर्गात सरावाला देतात तशी एका महजराची झेरॉक्स काढून दाखवली. महजर म्हणजे गावातल्या भांडणाचा सगळ्यांसमक्ष झालेला निवाडा. कोण काय म्हणालं, कोणी साक्ष दिली, काय ठरलं, आणि खाली हजर असलेल्यांच्या सह्या. मला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण तळाशी एक चित्र दिसलं. चार रेघांमध्ये काढलेला नांगर.

"हे काय?"

"ही सही. पाटलाला लिहिता येत नव्हतं, म्हणून निशाणी नांगर. ज्याचं जे अवजार ते काढायचं."

मी त्या नांगराकडे बघतच राहिलो. आमच्याकडे डिजिटल सिग्नेचर, दोन वेळा ओटीपी, तरी ऑडिटवाला येऊन विचारतो की हे तुम्हीच अप्रूव्ह केलं कशावरून. आणि इथे एक माणूस नांगर काढतो आणि दोन-तीनशे वर्षांनी सदाशिव पेठेत आपण म्हणतो, हा माणूस त्या दिवशी तिथे हजर होता.

निघताना काकांनी विचारलं, "तुम्ही मुंबईत कुठले?"

"शिवडी."

"अरे वा, म्हणजे किल्ल्याजवळचे! काय आहे हो तुमच्याकडे बघण्यासारखं?"

"फ्लेमिंगो," मी म्हणालो. पुढे काही सुचेना. माझा जन्म शिवडीतला, शाळा शिवडीतली, आणि किल्ल्यात मी शेवटचा गेलो होतो तो सातवीत, क्रिकेटचा बॉल हरवल्यावर लपायला.

पुढच्या रविवारी बाबांना घेऊन किल्ल्यावर गेलो. आई म्हणाली, "उन्हाचं कसलं खूळ!" पण बाबा लगेच तयार झाले.

शिवडीचा किल्ला इंग्रजांनी १६८० साली बांधला, मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर लक्ष ठेवायला. भीती मुख्यतः जंजिऱ्याच्या सिद्दीची. ती खरी ठरली. १६८९ मध्ये सिद्दी याकूत खान मोठी फौज घेऊन आला, त्याने आधी शिवडी घेतली, मग माझगाव. इंग्रज फोर्टच्या तटाआड कोंडले गेले आणि वर्षभराने भरपाई देऊन त्यांना सुटका करून घ्यावी लागली. पुढे ह्या किल्ल्यात कैदी ठेवले, आणखी पुढे तो पोर्ट ट्रस्टचं गोदाम झाला. आत शिरायची वाट काटकोनात वळवलेली आहे, म्हणजे शत्रूला सरळ मुसंडी मारता येऊ नये. (फायरवॉलची कल्पना जुनीच आहे म्हणायची.) तटावरून समोर खाडीचा चिखल, आणि १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालेला अटल सेतू थेट धुक्यात गेलेला दिसतो.

ह्या किल्ल्यात मुंबईच्या किल्ल्यांचं संग्रहालय करायची सरकारी योजना होती. आम्ही गेलो त्या दिवशी मला आत दिसली ती कबुतरं आणि दगडावर कोरलेले बदाम. इथे उद्या म्युझियम झालं तर आनंदच आहे. पण तटावर बसल्या बसल्या एक गोष्ट डोक्यात आली. त्या म्युझियममध्ये सिद्दी असेल, गव्हर्नर असेल, तोफ असेल. बाबा नसतील. आजोबा तर नसतीलच. आणि शिवडी, लालबाग, परळ ही नुसती किल्ल्याच्या मागची वस्ती नाही हो. ताडदेवला कावसजी नानाभाई दावर ह्यांची पहिली गिरणी १८५६ ला सुरू झाली, तिथून पुढची सव्वाशे वर्षं हे सगळं शहर ज्या माणसांनी चालवलं ती इथल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत दाटीवाटीने राहत होती.

त्यांची आठवण कोणी ठेवलीच नाही असं नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर ह्यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन २००४ साली इंग्रजीत मोठं पुस्तक केलं. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय करायचं महापालिकेने ठरवलं. पण संग्रहालयाला इमारत मिळेल, साचे मिळतील, चिमणी मिळेल. कागद कुठून येणार? ते तर आमच्यासारख्यांच्या माळ्यावर.

आता मुद्द्यावर येतो. आम्ही घर बदलतोय. पनवेलला फ्लॅट घेतलाय (म्हणजे बँकेने घेतलाय, मी वीस वर्षं हप्ते भरणार). त्यामुळे आईने चाळीतली खोली रिकामी करायची मोहीम काढलेली. माळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक होती. आजोबा २००९ साली गेले, तेव्हापासून ती कोणी उघडली नव्हती. किल्ल्यावरून घरी आलो तर ट्रंक खाली काढलेली आणि दारात भंगारवाला उभा. ट्रंकेचे ऐंशी रुपये, आतल्या रद्दीचे वेगळे.

एक आठवडा आधी असतो तर मीच त्याला तराजू धरायला मदत केली असती. ह्यावेळी म्हटलं, "आई, थांब जरा." आईने असा काही लूक दिला की काय सांगू. पण ट्रंक वाचली.

आत काय होतं? गिरणीचा फोटो लावलेला पास. बदलीचं कार्ड. (कायम नसलेल्या कामगाराने रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळणार, नाहीतर घरी. आमच्याकडे ह्याला 'बेंचवर असणं' म्हणतात, पण बेंचवर पगार मिळतो.) खानावळीच्या हिशेबाची वही. आणि सुतळीने बांधलेला एक गठ्ठा, मनीऑर्डरच्या पोचपावत्यांचा.

मनीऑर्डर आपल्या पिढीला माहीत असायचं कारण नाही. आपल्या टपालखात्याने १८८० साली ती सुरू केली आणि जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. पोस्टात पैसे आणि फॉर्म भरायचा, गावी पोस्टमन घरी जाऊन पैसे द्यायचा. फॉर्मचा एक तुकडा, ज्यावर निरोपाच्या दोन ओळी, तो घेणाऱ्याकडे राहायचा. दुसरा तुकडा, म्हणजे पोच, त्यावर घेणाऱ्याची सही होऊन तो पाठवणाऱ्याकडे परत यायचा. चक्क ॲक्नॉलेजमेंट पॅकेट!

आमचं गाव माण तालुक्यातलं, सातारा जिल्हा, कायमचा दुष्काळी. आजोबा मुंबईत साचाखात्यात, आजी गावी. १९६३ पासूनच्या १८७ पोचपावत्या निघाल्या. मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. रात्री बसून सगळ्या एक्सेलमध्ये भरल्या: तारीख, रक्कम, पोस्टाचा शिक्का.

मंडळी, लॉग फाइल वाचतात तसं मी आजोबांचं आयुष्य वाचलं. सुरुवातीला ३० रुपये, शेवटी २००. जवळजवळ दर वर्षी एप्रिल-मेच्या सुमाराला एक महिना गायब. बाबा म्हणाले, "जत्रेला स्वतःच यायचे ना, मग मनीऑर्डर कशाला?" १९७४ च्या सुरुवातीला खड्डा. शोधलं तर त्या वर्षी गिरण्यांचा ४२ दिवसांचा संप झालेला. शेवटची पोच फेब्रुवारी १९८२ ची, फक्त ८० रुपये. डॉक्टर दत्ता सामंतांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. म्हणजे हे त्या महिन्यातल्या पहिल्या सतरा दिवसांच्या पगारातून पाठवलेले पैसे. त्यानंतर काही नाही. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. पुस्तकात हे सगळं मी वाचलं होतं. पण एक्सेलच्या कॉलममध्ये १८७ व्या ओळीनंतर रिकामे चौकोन बघणं वेगळं.

मग सह्यांकडे लक्ष गेलं. १९६३ पासून प्रत्येक पोचेवर निळा-जांभळा अंगठा. आजीचा. आणि जानेवारी १९७३ च्या पोचेवर अंगठा नाही, सही! चार अक्षरं, वाकडी, शेवटचा काना पार रेघेखाली गेलेला. तिथून पुढे एकदाही अंगठा नाही.

आजी आता ऐंशीची आहे. ती पलंगावर बसून हा सगळा तमाशा बघत होती. मी पावती तिच्यापुढे धरली.

"आजी, तू सही कधी शिकलीस गं?"

तिने पावती डोळ्यांजवळ नेली. "दुष्काळात. खडी फोडाया जायचो आमी. सांजच्याला मुकादम हजरी मांडायचा. अंगठा लावनाऱ्याला काय कळतंय त्यानं किती दिस मांडल्यात? तुजा बाप तवा पयलीत व्हता. त्यो पाटीवर काडून द्यायचा, म्या गिरवायची."

बाबा चहा पिता पिता थांबले. "मला आठवत नाही, आये."

"तुला काय आठवतंय, शेंबडा व्हतास."

१९७२ चा दुष्काळ आपण भूगोलात वाचलेला असतो. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, सुकडी खाऊन खडी फोडत होती. हा आकडा मला माहीत होता. त्यातली एक आमच्या पलंगावर बसलेली आहे आणि हजेरीत फसवू नये म्हणून तिने स्वतःचं नाव लिहायला शिकून घेतलं, हे मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं कधी.

मला तो पाटलाचा नांगर आठवला. तीच गोष्ट की! फक्त नांगरवाल्याचा कागद कोणीतरी रुमालात बांधून ठेवला, आणि हा कागद ऐंशी रुपयांच्या ट्रंकेतून रद्दीत निघाला होता.

गठ्ठ्याच्या अगदी तळाशी एक कागद वेगळा होता. तो पोच नव्हता, निरोपाचा तुकडा होता. म्हणजे पैसे घेणारे आजोबा, पाठवणारी आजी. सप्टेंबर १९८२, ४० रुपये. संपाला आठ महिने झालेले. निरोपात लिहिलेलं, शेळी विकली, इकडची काळजी नको, खाण्याची आबाळ करू नका. खाली आजीची सही. वीस वर्षं मुंबईकडून गावाकडे जाणारा पैसा त्या महिन्यात उलटा आला होता. संपात गिरणगाव गावाकडच्या धान्यावर जगलं असं म्हणतात, त्याचा हा आमच्या घरातला पुरावा.

बाबांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. मग एवढंच म्हणाले, "निरोपाचं अक्षर माझंय."

रूममेटकडून काकांचा नंबर घेतला आणि त्यांना फोन केला. मला वाटलं ते म्हणतील, स्कॅन करून टाका. ते म्हणाले, "स्कॅन कराच. पण आधी मूळ कागद नीट ठेवा. टाचण्या गंजल्या असतील तर हलक्या हाताने काढा. लॅमिनेशन अजिबात करू नका. गठ्ठ्याचा क्रम मोडू नका. प्रत्येक कागदाला पेन्सिलीने नंबर द्या आणि वेगळ्या वहीत लिहा: कोणाचा, कुठे सापडला, आजी काय म्हणाल्या, कोणत्या तारखेला म्हणाल्या. हे नसेल ना, तर पन्नास वर्षांनी तो नुसता अंगठा उरेल."

म्हणजे मेटाडेटा! आम्ही हे रोज बोंबलून सांगतो की कॉमेंट लिहा, लॉगमध्ये संदर्भ टाका, आणि स्वतःच्या घरात शून्य. त्यात माझा मेटाडेटा ऐंशी वर्षांचा आहे, त्याला गुडघेदुखी आहे, आणि त्याचा दुसरीकडे कुठेही बॅकअप नाही.

तर सध्या शनिवार-रविवार हेच चाललंय. मी पावती दाखवतो, आजी बोलते, फोनवर रेकॉर्डिंग, मी वहीत लिहितो. कधी ती कंटाळते, "आता किती इचारशील, जेव" म्हणते. आमच्या मजल्यावर इतरांनाही विचारलं. एका काकूंकडे त्यांच्या सासऱ्यांचा गिरणीचा बिल्ला आहे, देवघरात ठेवलेला. एकांकडे संपातली पत्रकं आहेत. तिसऱ्या घरी एक पेटीभर कागद होते, ते गेल्या दिवाळीत साफसफाईत गेले. सांगताना त्या बाईंनाच वाईट वाटलं.

हे कागद पुढे कुठे द्यायचे? शिवडीत अशी जागा मला तरी सापडलेली नाही. काळाचौकीचं संग्रहालय पूर्णपणे उभं राहील, किल्ल्यात दालन होईल, तेव्हा बघू. तोवर शिवडीचं म्युझियम म्हणजे आमच्या गोदरेजच्या कपाटातला खालचा खण. आईने तो रिकामा करून दिला, बरं का. वर तिच्या पैठण्या, खाली आजोबांचं दप्तर, मध्ये डांबराच्या गोळ्या. दप्तर बांधायला आजीने तिच्या जुन्या लुगड्याचं एक फडकं फाडून दिलंय.

तुमच्यातलेही बरेच जण आता चाळ सोडून टॉवरमध्ये चाललेत. पॅकर्स-मूव्हर्सना फोन करायच्या आधी माळ्यावरची ट्रंक एकदा उघडून बघा. आणि घरात कोणी ऐंशीच्या पुढचं असेल तर त्यांच्याशेजारी बसून उघडा.

असो. फारच लांबलं. उद्या पहाटे पुण्याची गाडी पकडायचीय आणि अजून चाळीस पावत्यांना नंबर द्यायचे राहिलेत.